डोलकाठीच्या टोकावर अँटेना आणि आतून केबल: कामाचा क्रम चुकू देऊ नका

रेडिओ नवा, अँटेना नवी, आणि तरी समोर दिसणाऱ्या होडीपर्यंत आवाज धड पोहोचत नाही. अशी तक्रार आली की मी आधी रेडिओकडे बघतही नाही. डोलकाठीच्या बुडाशी जातो, केबलचा जोड हातात धरून हलवतो आणि कोणाला तरी स्पीकरकडे कान द्यायला सांगतो. बहुतेक वेळा तिथेच खरखर सुरू होते. तिथे नाही झाली तर दोष वर टोकाला असतो, आणि मग डोलकाठी उतरवण्यावाचून किंवा वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं.

हे काम अवघड नाही, पण त्यातल्या पायऱ्यांची अदलाबदल चालत नाही. लोक आधी अँटेना विकत घेतात, मग तिला पुरेल अशी केबल शोधतात, दोन्ही टोकांना कनेक्टर लावतात, मग ती जाड गाठोडी डोलकाठीतून ओढायला बघतात, आणि टेप गुंडाळून झाल्यावर शेवटी तपासणी करतात. यातली प्रत्येक गोष्ट चुकीच्या जागी आहे. खाली दिलेला क्रम ॲल्युमिनियमच्या पोकळ डोलकाठीसाठी आणि १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या सागरी व्हीएचएफ रेडिओसाठी आहे. डोलकाठी उतरवून घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) आडवी ठेवली आहे असं मी धरलं आहे. उभ्या डोलकाठीत काम करावंच लागलं तर काय बदलतं ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

टप्पा १: मोजमाप आणि आतली पाहणी

केबल विकत घेण्याआधी तीन मापं घ्या: डोलकाठीची लांबी, बुडापासून रेडिओपर्यंतचा खरा मार्ग, आणि वळणांसाठी व राखीव म्हणून किमान दीड मीटर. मार्ग डोळ्यांनी अंदाजू नका. एक सुतळी घ्या, केबल जिथून जिथून जाणार तिथून ती फिरवा आणि मग सुतळी मोजा. कपाटाच्या मागून, बल्कहेडच्या (होडीतल्या आडव्या भिंतीच्या) भोकातून आणि छताच्या कडेने जाणारा रस्ता सरळ अंतराच्या दीडपट सहज भरतो.

मग दोन्ही टोकांकडून आत बॅटरीचा झोत टाका. मोबाइल आत धरून फ्लॅशसह फोटो काढला तर डोळ्यांना न दिसणारं बरंच दिसतं. या गोष्टी कागदावर टिपून ठेवा:

– वरच्या कप्प्या कुठे आहेत आणि शीड चढवायचे दोर आतून कोणत्या बाजूने जातात.
– स्प्रेडरच्या (डोलकाठीला बाजूने आधार देणाऱ्या तारा दूर धरणाऱ्या आडव्या दांड्यांच्या) पातळीवर डोलकाठीच्या आरपार नळी किंवा बोल्ट आहे का. केबल अडकायची हमखास जागा हीच.
– भिंतीला रिव्हेटने मारलेला पाइप आधीपासून आहे का, आणि त्यात जागा उरली आहे का.
– आत फोम भरला आहे का.

डोलकाठी डेकवर टेकलेली असेल तर बुडाशी एक जोड ठेवावाच लागतो, नाहीतर पुढच्या वेळी ती उतरवताना केबल कापावी लागेल. हा जोड डेकच्या वर, पावसात ठेवू नका. हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीतून किंवा चांगल्या डेक ग्लँडमधून (डेकमधून केबल नेणाऱ्या, पाणी अडवणाऱ्या बुचातून) केबल आत घ्या आणि जोड केबिनच्या छताखाली, हात पोहोचेल अशा जागी करा. डोलकाठी डेकमधून खाली कीलपर्यंत, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्यापर्यंत, जात असेल तर केबल बाहेर काढायचं भोक छताच्या जरा खाली ठेवा. बिल्जमधल्या, म्हणजे होडीच्या तळाशी साचणाऱ्या, पाण्याजवळ कोणताही जोड नको.

टप्पा २: केबल आधी ठरवा, अँटेना नंतर

केबलमध्ये शक्ती वाया जाते, आणि किती जाते हे जाडीवर आणि बनावटीवर ठरतं. बुडापासून टोकापर्यंत आणि पुढे रेडिओपर्यंत मिळून २० मीटर केबल आहे असं धरा. रेडिओ पूर्ण २५ वॅट देतो आहे. या वारंवारतेवर साधारण असा हिशोब पडतो:

– आरजी-५८ (सुमारे ५ मिमी जाड): ४ डेसिबल घट, अँटेनापर्यंत १० वॅट.
– आरजी-८एक्स (सुमारे ६ मिमी): ३ डेसिबल घट, म्हणजे निम्मी शक्ती, साडेबारा वॅट.
– आरजी-२१३ (सुमारे १० मिमी): पावणेदोन-दोन डेसिबल घट, सोळा-सतरा वॅट.
– एलएमआर-४०० जातीची (सुमारे १० मिमी): १ डेसिबल घट, २० वॅटच्या आसपास.

ही घट ऐकतानाही तितकीच लागू होते, आणि ती बाजू लोक विसरतात. लांबचा क्षीण आवाज रेडिओपर्यंत पोहोचायच्या आत केबलमध्येच निम्मा झाला तर रेडिओ कितीही महाग असला तरी उपयोग नाही.

मग सगळ्यांनी सर्वांत जाड केबल घ्यावी का? तसंही नाही. आरजी-२१३ चं वजन मीटरला सुमारे १५० ग्रॅम आहे. चौदा मीटरच्या डोलकाठीत दोन किलोहून जास्त वजन उंचावर लटकतं, आणि लहान होडीला ते जाणवतं. माझा नियम असा: एकूण लांबी पंधरा मीटरच्या आत असेल तर चांगल्या प्रतीची आरजी-८एक्स पुरते, त्याहून जास्त असेल तर १० मिमीची केबल घ्या. टोकावरच्या अँटेनासाठी आरजी-५८ मी वापरत नाही, ती अँटेनाबरोबर फुकट मिळाली तरी.

तांब्याच्या तारेवर कथिलाचा मुलामा असलेली केबल मागा. उघड्या तांब्याची जाळी खाऱ्या हवेत काळी पडत जाते, आणि घट वाढत असल्याचं बाहेरून कळतही नाही. एलएमआर-४०० जातीच्या केबलमध्ये घट कमी असते, पण तिच्या साध्या प्रकारात ॲल्युमिनियमचं फॉइल आणि मधली एकच कडक तार असते. पाणी शिरलं तर ते फॉइल लवकर खराब होतं, म्हणून तिची टोकं बंद करताना दुप्पट काळजी घ्या. कोणतीही केबल तिच्या जाडीच्या दहापटीपेक्षा लहान त्रिज्येत वाकवू नका.

सावधान: टीव्हीची केबल दिसायला तशीच असते, स्वस्तही मिळते. ती ७५ ओहमची असते. सागरी रेडिओला ५० ओहमची लागते. केबलच्या आवरणावर छापलेलं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

एआयएस (जहाजांची ओळख आणि जागा आपोआप कळवणारी यंत्रणा) हाही १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे तीच केबल आणि तीच अँटेना त्याला जुळते. पण दोन्ही यंत्रं एकाच अँटेनावर घ्यायची तर एआयएससाठीच बनवलेला स्प्लिटर हवा. साधा टी-जोड लावलात तर एका यंत्राचं प्रक्षेपण थेट दुसऱ्याच्या पोटात जाईल.

टप्पा ३: अँटेना आणि तिची बैठक

शिडाच्या होडीला अर्ध्या तरंगलांबीची, सुमारे एक मीटरची, ३ डेसिबलची (शक्ती किती एकवटते त्याचं हे माप) अँटेना घ्या. जास्त डेसिबलची अँटेना जास्त लांब पोहोचते हे सपाट उभ्या बोटीवर खरं आहे. ती शक्ती दाबून क्षितिजाच्या पातळ पट्ट्यात फेकते. शिडाची होडी वीस-पंचवीस अंश कलली की तो पट्टा एका बाजूला पाण्यात आणि दुसऱ्या बाजूला आकाशात जातो.

उंचीचा फायदा मात्र खरा आहे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणलं की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. १५ मीटरवर ते १६ किलोमीटर येतं, मागच्या कठड्यावर ३ मीटरवर जेमतेम ७. समोरच्याचं क्षितिज त्यात मिळवायचं. यासाठीच एवढा खटाटोप करून अँटेना टोकावर न्यायची.

बैठक ठरवताना हे बघा:

– वाऱ्याचं यंत्र, वीजवाहक काठी आणि इतर उभ्या धातूपासून अँटेना निदान अर्धा मीटर दूर राहावी. टोकावर जागा इतकी नसेल तर बाजूला निघणारा ब्रॅकेट घ्या.
– शीड चढवायचा दोर पूर्ण वर गेल्यावर शिडाचं टोक किंवा शॅकल अँटेनाला लागू नये.
– कनेक्टर ब्रॅकेटच्या खाली येतो. तिथे बोटं फिरवून टेप गुंडाळता येईल इतकी जागा सोडा. कितीतरी ब्रॅकेट डोलकाठीला इतके चिकटून बसवलेले असतात की टेपचा रोल मागून फिरतच नाही.

स्टेनलेसचा ब्रॅकेट आणि स्क्रू थेट ॲल्युमिनियमवर बसवले की खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी दिसायला लागते. मध्ये प्लास्टिकची पातळ चकती आणि आट्यांना धातू वेगळे ठेवणारी पेस्ट लावा. पेस्ट लावायला अर्धं मिनिट लागतं, जाम झालेला स्क्रू काढायला अर्धा दिवस.

तपासा: अँटेनामुळे होडीची पाण्यापासूनची एकूण उंची साधारण मीटरभर वाढली. नवी उंची लगेच लिहून ठेवा. पुलाखालून आणि विजेच्या तारांखालून जाताना हाच आकडा लागणार आहे.

टप्पा ४: ओढदोरी घालणे

केबल ओढण्याआधी डोलकाठीतून एक मजबूत, पातळ दोरी जायला हवी. तिला मी ओढदोरी म्हणतो.

जुनी केबल आत असेल तर तिचाच उपयोग होतो. पण आधी ती दोन्ही टोकांकडून वीतभर मागेपुढे करून बघा. सहज सरकली तर तिचे कनेक्टर कापा, वरच्या टोकाला ओढदोरी बांधा आणि खालून ओढून काढा. सरकली नाही तर ती आत कुठेतरी बांधलेली किंवा रिव्हेटलेली आहे. जोर करू नका.

ओढदोरी न बांधता जुनी केबल उपसून काढणे ही या टप्प्यातली सर्वांत मोठी चूक आहे. तयार रस्ता हातातून जातो.

जुनी केबल नसेल तर इलेक्ट्रिशियन भिंतीतल्या पाइपातून वायर ओढायला जी स्प्रिंग वापरतात ती घ्या. आडव्या डोलकाठीत एक सोपी युक्ती चालते: केबल ज्या भिंतीलगत जायला हवी ती भिंत खाली येईल अशी डोलकाठी घोड्यांवर फिरवून ठेवा. स्प्रिंग आणि दोरी आपोआप त्या भिंतीवर लोळत जातात. आतले सगळे दोर आधी दोन्ही टोकांना ताणून बांधा, म्हणजे ते मध्ये लोंबकळणार नाहीत.

उभ्या डोलकाठीत वरून दोरी सोडायची असेल तर टोकाला सायकलच्या चेनचा वीतभर तुकडा बांधा. एकसंध वजन आडव्या नळीवर अडून बसतं, चेन तिच्यावरून घसरून खाली येते. खाली बसलेला माणूस वाकवलेल्या तारेच्या आकड्याने ती भोकातून बाहेर काढतो.

तपासा: ओढदोरी गेल्यावर आतला एकेक दोर हातभर मागेपुढे ओढा आणि दुसऱ्या हाताने ओढदोरी धरून ठेवा. तिला जरा जरी हिसका जाणवला तर ती त्या दोराभोवती वेढली गेली आहे. आताच काढून परत घाला. केबल गेल्यावर कळलं तर तो दोर केबलचं आवरण रोज थोडं थोडं कापत राहील.

टप्पा ५: केबल आत रात्रभर आपटणार नाही अशी सोय

नांगरावर झोपलात आणि डोलकाठीत टक्‌, टक्‌, टक्‌ सुरू झालं की या टप्प्याची आठवण येते. झोपमोड ही त्यातली लहान गोष्ट. आपटणारी केबल वर्षभरात आवरणाला भोकं पाडून घेते.

डोलकाठी उतरवलेलीच आहे आणि आत पाइप नाही, तर पाइप घाला असं माझं ठाम मत आहे. हलका पीव्हीसी पाइप, केबल आरामात सरकेल इतक्या आतल्या व्यासाचा, भिंतीला अर्ध्या अर्ध्या मीटरवर रिव्हेटने मारायचा. रिव्हेटची आतली शेपटी पाइपात टोचून उभी राहणार नाही इतकी लहान घ्या आणि पाइपातून हात पोहोचतो तिथे बोट फिरवून बघा. दिव्यांच्या तारांसाठी शक्यतो दुसरा पाइप ठेवा.

पाइप शक्य नसेल आणि शिडाचे दोर डोलकाठीच्या बाहेरून जात असतील तर झिप टायची पद्धत चांगली चालते. केबलवर दर मीटरला तीन लांब टाय शेजारी शेजारी बांधा आणि त्यांच्या शेपट्या तीन दिशांना वळवा. शेपट्या कापायच्या नाहीत. त्या डोलकाठीच्या आतल्या भिंतींवर रेटून केबल मधोमध धरतात, म्हणून त्यांची लांबी मधल्या पोकळीच्या निम्म्याहून जास्त हवी. टाय आवळताना हात राखून. केबल चेपली गेली तर आतली तार मधून सरकते आणि त्या जागी ५० ओहम राहत नाहीत.

सावधान: दोर आतून जात असतील तर ही युक्ती वापरू नका. शेपट्या दोरांत अडकतात.

टप्पा ६: केबल ओढणे

अजून एकाही टोकाला कनेक्टर नाही, हे बघून घ्या.

केबलचं टोक निमुळतं करा. ओढदोरी केबलवर एकाच जागी गाठ मारून बांधू नका. दोन हातांच्या अंतरात पाच-सहा अर्धगाठी एकामागे एक घाला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत टेप घट्ट गुंडाळून मुळ्यासारखा आकार द्या. त्यावरून बोट फिरवा. कुठे पायरी लागली तर तिथेच ती अडकणार. माझ्या पहिल्या खेपेला मी मधोमध एक जाड गाठ मारली होती. ती स्प्रेडरच्या नळीपाशी अडली, मी जोर लावला, आणि ओढदोरी रिकामी हातात आली. सहा मीटर केबल आत, टोक कुठे ते दिसत नाही, आणि रस्ता पुन्हा पहिल्यापासून.

केबलबरोबर दुसरी ओढदोरीही बांधा. ती आतच राहू द्यायची आहे.

दोन माणसं लागतात, एक घालणारा आणि एक ओढणारा. घालणाऱ्याने केबल रिळावरून फिरवत सोडायची, बाजूने वेटोळी उपसायची नाहीत, नाहीतर प्रत्येक वेटोळ्यामागे केबलला एक पीळ पडतो. हुकूम एकाचाच चालतो, घालणाऱ्याचा. तो ‘ओढ’ म्हणेल तेव्हाच ओढायचं, ‘थांब’ म्हटलं की हात जागच्या जागी. केबल नीट जात असते तेव्हा ओढणाऱ्याला हाताखाली सारखी, मऊ घसट जाणवते. अडते तेव्हा ती घसट थांबून रबरासारखा ताण येतो. तो ताण आला की फूटभर मागे घ्या, केबलला पाव वेढा पीळ द्या आणि पुन्हा ओढा. घसरण हवी असेल तर केबलसाठीचं वंगण किंवा साबणाचं पाणी लावा. ग्रीस आणि तेल लावू नका, त्याने आवरण बिघडतं.

तपासा: केबल पार गेल्यावर मल्टिमीटर लावा. मधली तार आणि जाळी यांच्यात काहीच जोड दिसता कामा नये. मग एका टोकाला दोन्ही एकत्र धरा आणि दुसऱ्या टोकाला मोजा, आता जोड दिसला पाहिजे. यासाठी दोन मिनिटं पुरतात.

टप्पा ७: वरचा आधार

पुढच्या सगळ्या वर्षांचा भरवसा या टप्प्यावर आहे, आणि नेमका हाच लोक गाळतात. केबलचं वजन कनेक्टरवर लटकता कामा नये. दोन किलोचा झोका प्रत्येक लाटेबरोबर कनेक्टरला खेचत राहिला तर जाळीचा सोल्डर तुटतो, आणि तोही असा की होडी धक्क्याला उभी असताना सगळं ठीक दिसतं.

वरच्या टोकाला केबलच्या आवरणावर जाळीदार पकड चढवा आणि तिचा फास डोलकाठीच्या टोपीखालच्या बोल्टला अडकवा. ती नसेल तर रबर लावलेली पी-क्लिप. पकड आवरणाला धरते, आतल्या तारेवर ताण येत नाही.

बाहेर पडायचं भोक कानशीने घासा, मग करंगळी आतून फिरवा. खरखर लागली तर अजून घासा. ग्रोमेट बसवा. भोक पाडताना पडलेला ॲल्युमिनियमचा कीस आत राहू देऊ नका, तो दोरांत आणि कप्प्यांत जातो. भोकातून निघालेली केबल आधी खाली झुकून मग वर कनेक्टरकडे जावी. त्या झोळाच्या तळाशी पाणी टपकून जातं, भोकात शिरत नाही.

बुडाशी अर्धा मीटर केबल गुंडाळून राखीव ठेवा. कनेक्टर खराब झाला की दोनदा तरी कापून नवा लावता आला पाहिजे.

टप्पा ८: कनेक्टर

आता कनेक्टर. पीएल-२५९ घ्या, चांदीचा मुलामा आणि आत टेफ्लॉनचं इन्सुलेशन असलेला. स्वस्त कनेक्टरमधलं प्लास्टिक सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या पहिल्याच तापाने वितळतं आणि मधला पिन वाकडा बसतो. पातळ केबलला तिच्या मापाचा रिड्यूसर लागतो, तो आधी हातात आहे ना ते बघा.

क्रम असा: मागचा फिरता भाग आणि श्रिंक ट्यूब आधी केबलवर चढवा. मग आवरण सोला. ब्लेड जाळीला लागू देऊ नका. जाळीची एकेक तार मागे वळवून बघा. मधल्या तारेपाशी एक जरी केस उरला तर शॉर्ट होतो. मग पिनमध्ये सोल्डर, मग बाहेरच्या भोकांतून जाळीला. बॉडीला भरपूर उष्णता लागते. बारीक इस्त्रीने दहा मिनिटं तापवण्यापेक्षा जाड टोकाच्या, शंभर वॅटच्या इस्त्रीने काही सेकंदांत काम उरका. वर वाऱ्यात बसून सोल्डर धड बसत नाही, म्हणूनही हे जमिनीवर उरकायचं. योग्य मापाचं हत्यार असेल तर क्रिंपचा कनेक्टरही तितकाच चांगला. साध्या पक्कडीने दाबलेला क्रिंप मात्र मी बघताक्षणी कापून टाकतो.

तपासा: अँटेना जोडण्याआधी मल्टिमीटरने पुन्हा शॉर्ट बघा. अँटेना जोडल्यानंतर हे कळणार नाही, कारण बऱ्याच अर्धतरंगी अँटेनांच्या बुडाशी कॉइल असते आणि मीटरवर त्या शॉर्टच दिसतात. चांगली अँटेना ‘खराब’ म्हणून परत करणारे लोक याच कारणाने फसतात.

टप्पा ९: आधी तपासणी, मग टेप

डोलकाठी अजून घोड्यांवर आहे. तिचं टोक शेवटच्या घोड्याच्या पुढे काढा, जमेल तितकं उंच करा, आणि अँटेनाजवळ दोन मीटरमध्ये धातू किंवा माणूस नको. रेडिओ आणि केबल यांच्यामध्ये एसडब्ल्यूआर मीटर लावा, अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते तो दाखवतो. रेडिओ कमी शक्तीवर, १ वॅटवर ठेवा. चॅनेल १६ वर चाचणी करायची नाही, ते संकटाचं चॅनेल आहे. तुमच्या परवान्यात बसणारं मोकळं चॅनेल घ्या, आधी ऐका, आणि दोन सेकंदांपेक्षा जास्त बटण दाबू नका.

१.५ च्या आत आकडा आला तर उत्तम. २ पर्यंत चालतो. त्यावर गेला तर दोष शोधा.

पण या आकड्याची एक फसवणूक समजून घ्या. केबलमधली घट परत येणाऱ्या शक्तीलाही खाते, त्यामुळे खाली लावलेल्या मीटरला दोष कमी दिसतो. तुमच्या केबलमध्ये ३ डेसिबल घट असेल तर वर ३ दाखवणारी बिघडलेली अँटेना खाली १.७ दाखवते. वर अँटेनाच नसली, टोक उघडंच असलं, तरी खाली आकडा साधारण ३ च येतो. म्हणजे केबल जितकी वाईट, तितका आकडा गोड. म्हणून अँटेना काढून तिच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती शोषून घेणारा रोध) लावून शक्ती मोजा, आधी खाली, मग मीटर वरच्या टोकाला नेऊन. या दोन आकड्यांतला फरक हीच केबलची खरी घट. टप्पा २ मधल्या हिशोबापेक्षा ती बरीच जास्त निघाली तर कनेक्टर परत उघडा.

टप्पा १०: पाणी बंद करणे

टोकावरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की ते तिथेच थांबत नाही. जाळी दिव्याच्या वातीसारखी ते शोषून खाली नेते. एका होडीवरून काढलेली केबल मी टोकापासून सोलत गेलो होतो. कनेक्टर बाहेरून चकचकीत होता. आतली जाळी पहिल्या फुटावर हिरवी, दुसऱ्यावर काळी, आणि बोटांत चुरली की काजळीसारखी भुकटी हाताला लागत होती. स्वच्छ तांबं दिसायला दोन मीटर खाली जावं लागलं.

पीएल-२५९ स्वतः पाणी रोखत नाही, म्हणून तीन थर द्या. पहिला, स्वतःला चिकटणारा रबराचा टेप. तो दुपटीपर्यंत ताणून, अर्धा अर्धा एकमेकांवर येईल असा, केबलवर कनेक्टरच्या दोन बोटं खालून सुरू करून वर अँटेनाच्या बुडापर्यंत गुंडाळायचा. खालून वर, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो आणि कौलांसारखं पाणी ओघळून जातं. वरून खाली गुंडाळलेल्या टेपच्या प्रत्येक कडेत पाणी अडून राहतं. दुसरा, त्याच टेपचा आणखी एक थर. तिसरा, उन्हाला टिकणारा काळा विनाइल टेप, तोही खालून वर, आणि शेवटचा वेढा न ताणता, नाहीतर तो आपोआप उलगडतो.

सावधान: व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा सिलिकॉन कनेक्टरजवळ वापरू नका. तो सुकताना सोडतो ते आम्ल तांब्याला खातं.

टप्पा ११: डोलकाठी उभी करणे आणि त्यानंतर

उभी करण्याआधी वर मान करून विजेच्या तारा कुठे आहेत ते बघा. बुडाची केबल गुंडाळून डोलकाठीला बाहेरून बांधा. डोलकाठी बसताना खाली चेपलेली केबल हा फार सामान्य अपघात आहे.

पुढे कधी वर चढून काम करावं लागलं तर दोन वेगळे दोर वापरा. खुर्चीला दोर गाठ मारून बांधा, झटकन उघडणाऱ्या हुकवर विसंबू नका. हत्यारं दोरीने मनगटाला किंवा खुर्चीला बांधलेली असावीत, खाली कोणी उभं नसावं, आणि रेडिओचा फ्यूज काढून वर जाणाऱ्याच्या खिशात ठेवा.

उभी झाल्यावर एसडब्ल्यूआर परत मोजा. मग दिव्यांची चाचणी. टोकावरचे एलईडी दिवे व्हीएचएफ आणि एआयएस दोन्हींमध्ये अडथळा आणू शकतात. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१८ मध्ये यावर सुरक्षा इशाराही काढला होता. दिवे बंद ठेवून शांत चॅनेल लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) उघडून खरखर येऊ द्या, मग ती जेमतेम थांबेल इतकाच बंद करा. आता टोकावरचा दिवा लावा. खरखर परत आली तर दिवा बदलावा लागेल, अँटेनाला हात लावू नका.

शेवटी रेडिओच्या मागच्या फळीवर तारीख, दोन्ही एसडब्ल्यूआर, केबलची घट आणि होडीची नवी उंची कायम टिकणाऱ्या पेनने लिहा. दर हंगामाच्या सुरुवातीला तोच मीटर, तेच चॅनेल, तीच शक्ती ठेवून मोजा. आकडा वाढला तर दोष शोधायचाच, पण काही न करता तो एकाएकी कमी झाला तरी केबलमध्ये पाणी गेलं असं समजून वरचा टेप उघडा. आत राहिलेली दुसरी ओढदोरी दोन्ही टोकांना पक्की बांधा आणि तिच्यावर चिठ्ठी लावा, नाहीतर पुढच्या वेळी मदतीला आलेला माणूस ती निकामी समजून उपसून काढेल.